मास्तरांचे बांधलेले हात

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत यंत्रयुग एकाच माणसानं आणलं, आणि तो माणूस म्हणजे माझे साडू. हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो आहे. साताऱ्यात त्यांनी ते आणलं तेव्हा ते आमच्या घरी दोन दिवस मुक्कामाला होते, आणि परत गेले तेव्हा आमचं भिंतीवरचं घड्याळ, आमचा स्टोव्ह आणि शेजाऱ्यांचा रेडिओ या तीन वस्तू बंद होत्या. शेजारी तक्रार घेऊन आले तेव्हा साडू एसटीत बसायच्या तयारीत होते. ते शांतपणे म्हणाले, "बंद न्हाई, खोललाय." या दोन स्थितींत काही फरक असतो हे शेजाऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. मी एका वाचनालयात काम करतो. बंद वस्तू उघडण्याचा माझा अनुभव पुस्तकांपुरता आहे, त्यामुळे मीही मध्ये पडलो नाही.

सैन्याच्या वर्कशॉपात पंधरा वर्षं गाड्या दुरुस्त करून साडू हवालदार म्हणून घरी आले आणि कवठे महांकाळ तालुक्यातल्या एका हायस्कुलात शिकवायला लागले. त्यांच्याकडे पदवी नव्हती. पण त्याच सुमाराला वरून 'कार्यानुभव' नावाचा एक नवा विषय आला होता, आणि तो काय आहे हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे तो शिकवायला कुठली पदवी लागते हेही कुणाला सांगता येत नव्हतं. इतर शाळांत या तासाला मुलं कागदाची फुलं करत किंवा पटांगण झाडत. साडूंनी शब्दाचा अर्थ खरा धरला. त्यांची नेमणूक तात्पुरती होती. दर जूनला संस्थेचे अध्यक्ष प्रसन्न झाले की नवा कागद मिळे, आणि अध्यक्षांना प्रसन्न करण्याचं काम मे महिन्यातच उरकून घ्यावं लागे. साडूंना ते जमत नसे. अध्यक्षांच्या घरी ते एकदाच गेले आणि तिथला पंखा खोलून आले.

प्रश्नाला उत्तर न देणं ही त्यांची दुसरी सवय. मुलानं काहीही विचारलं की ते उलट विचारत, "तुला काय वाटतंय?" शाळेत ही पद्धत थोर मानता आली असती, पण साडू ती घरी घेऊन जात. माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, एकदा माझ्यापुढे रडकुंडीला येऊन म्हणाली, "दाजी, आमटीत मीठ हाय का न्हाई एवढं इचारलं हो मी. तर म्हणत्यात, तुला काय वाटतंय? मला वाटतंय ह्यांच्या डोस्क्यात घालावी पळी!"

पण या सगळ्या सवयींच्या वर एक सवय होती, आणि पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. मुलं काम करत असताना त्या कामाला मास्तरांनी हात लावायचा नाही असा त्यांचा नियम होता. नियम केला त्यांनी आणि तो पाळणं जड गेलं त्यांनाच. पोरगं स्क्रू उलटा फिरवायला लागलं की साडूंची बोटं आपोआप वळवळत. हात खिशात घालून पाहिले, बाहेर आले. काखेत धरून पाहिले, निसटले. शेवटी त्यांनी तास सुरू झाला की आपले हात पाठीमागे रुमालानं बांधून घ्यायला सुरुवात केली. बांधायची पाळी रोज वेगळ्या मुलाची असे आणि त्या पाळीसाठी भांडणं होत. एके वर्षी शाळातपासणीला आलेल्या साहेबांना नववीच्या वर्गात मास्तर खांबाशी उभे, हात मागे बांधलेले, आणि मुलं हातात पक्कड आणि हातोड्या घेऊन भोवती, असं दृश्य दिसलं. साहेब दारातूनच परत फिरले आणि मुख्याध्यापकांना घेऊन आले. सगळं समजावून सांगितल्यावरही त्यांनी शेरेबुकात लिहिलं, "कार्यानुभव बरा. शिक्षकास बांधून ठेवण्याचे कारण समजले नाही."

कारण मी एकदा विचारलं होतं. माझं नशीब बरं असावं, कारण त्यांनी चक्क उत्तर दिलं. "आमचा एक उस्ताद हुता वर्कशॉपात. लय हुशार. आमी पाना हातात घेतला की, 'अबे छोड, टाइम जाता है' म्हणून हिसकून घ्यायचा. तीन वर्सं मी त्याच्या मागं दिवा धरून हुबा हुतो. मग त्यो दोन महिनं रजेवर गेला, पाव्हणं. जे काय शिकलो ते त्या दोन महिन्यांत."

तर असा माणूस, आणि त्याच्या नववीच्या मुलांनी यंत्रमानव करायला घेतला. यंत्रमानव हा शब्द पुढे निमंत्रणपत्रिकेत आला. मुलं त्याला पैलवान म्हणत. दुष्काळात पाणी साठवायला घेतलेलं पत्र्याचं एक लहान पिंप आता रिकामं पडलं होतं, ते त्याचं अंग. बूड गेलेली कळशी हे डोकं. अंगाच्या मानानं डोकं लहान, म्हणून पैलवान. चालायला मिरजेच्या भंगारातून आणलेली ट्रकच्या वायपरची मोटर आणि लाउडस्पीकरवाल्याची जुनी बॅटरी. आणि मेंदू म्हणून माझ्या मेहुणीचं लाटणं. हे मी विनोदानं म्हणत नाही. लाटण्यावर मुलांनी खिळे ठोकले होते. चावीच्या जुन्या ग्रामोफोनचं यंत्र ते लाटणं सावकाश फिरवी, आणि एकेक खिळा एकेका पत्र्याच्या पट्टीला टेकला की पैलवान चाले, थांबे, हात वर करी, खाली आणी. खिळा कुठे मारायचा हे ठरवायला मुलं जमीन मोजत, वेळ मोजत, चुकत, खिळा उपटत आणि पुन्हा मारत. साडू बांधल्या हातांनी सांगत, "ह्याला डोळं न्हाईत. ह्याला नुसती आठवण हाय. तुमी आठवण चुकीची दिली तर त्यो बिचारा चुकीचंच इमानदारीनं करणार." मुलांत पुढे होती शालन नावाची मुलगी. तिचा बाप शिंपी होता, त्यामुळे पट्टा, चाक आणि चाती तिच्या हातातली होती. दुसरा हणमंता, जतकडचा धनगराचा मुलगा. तो सेकंद मोजायचा ते कन्नडात, आणि मराठीत मोजायला लावलं की चुकायचा. म्हणून पैलवानाची सगळी आठवण कन्नडात होती.

हे अध्यक्षांच्या कानावर गेलं आणि इथून माझी झोप उडाली. नव्या वर्गखोल्यांचं उद्घाटन ठरलं होतं. सांगलीहून शिक्षणखात्याचे मोठे साहेब येणार होते. तेच, शेरेबुकवाले, आता बढती मिळालेले. अध्यक्ष वर्गात आले, पैलवानाला आणि मास्तरांना खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "पाव्हण्याच्या गळ्यात हार ह्यानं घालायचा. तालुक्यात कुणी केलं न्हाई आसं झालं पायजे. हार पडला तर मास्तर, तुमाला कायम करतो. न्हाई पडला तर जूनला येऊ नका. ही खोली मी बँडच्या सामानाला देणार हाय."

मेहुणीचं पत्र साताऱ्याला आलं. त्यात तिनं फक्त लिहिलं होतं, "ताईला ठेवून तुम्ही एकटे या." मी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळीच पोचलो. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि उभ्या उभ्याच बोलायला लागली.

"आवं दाजी, तुमी सांगा त्यास्नी. पैलवानाचा उजवा हात मधीच आडतोय. ह्यास्नी म्हाईत हाय का आडतोय. पाच मिनटांचं काम. पर हात लावणार न्हाईत म्हणं! दोन पोरी हाईत पदरात. जूनला कागद आला न्हाई तर ह्या वयात कुणाच्या दारात जायाचं? आन माजं लाटणं त्या पैलवानाच्या पोटात! सणाला बाटलीनं पोळ्या लाटल्या मी."

मी शाळेत गेलो. हात तिसऱ्यांदा अडकला होता. मुलं भोवती बसून वाद घालत होती, आणि साडू बांधलेल्या हातांनी खिडकीतून बाहेर बघत होते, कारण पैलवानाकडे बघणं त्यांना सोसत नव्हतं.

"पाव्हणं," मी हळूच म्हणालो, "पोरं जेवायला गेली की पाच मिनिटं…"

"मग त्यो त्यांचा ऱ्हाईल का?"

"तुमची नोकरी राहील."

"तुमी वाचता, आमी खोलतो. तुमच्या पुस्तकात शेवटचं पान दुसऱ्या कुणी लिवलं तर चालंल का?"

मला चाललं असतं. बऱ्याच पुस्तकांना ते हितकारकही झालं असतं. पण हे बोलायची ती वेळ नव्हती. दुपारी शालनला समजलं की कोपराची दोरी कोरड्या कप्पीवर अडते आहे. तिनं बापाच्या मशीनचं तेल दोन थेंब सोडलं आणि हात वर गेला. त्यानंतर सहा वेळा तालीम झाली, सहाही वेळा हार स्टुलावर बसवलेल्या हणमंताच्या गळ्यात पडला. बाकं जोडून केलेल्या व्यासपीठावर, पाहुण्यांच्या खुर्चीचे चार पाय जिथे यायचे तिथे शालननं खडूनं चार फुल्या काढल्या. त्या संध्याकाळी मेहुणी पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं दुतर्फा रांगेत पाहुण्यांची वाट बघत उभी असताना अध्यक्षांनी घरून गालिचा आणवला. लाल, जाड, बोटभर लवीचा. तो व्यासपीठावर अंथरला, त्यावर खुर्च्या मांडल्या, आणि अध्यक्ष चार पावलं मागे जाऊन समाधानानं बघत राहिले. मी आणि साडू पडद्याजवळ उभे होतो. मला यंत्रातलं काही कळत नाही, पण खडूच्या फुल्या झाकल्या गेल्या एवढं कळलं.

"गालिचा," मी म्हणालो.

"व्हय."

"मुलांना सांगा की!"

"त्यास्नी डोळं हाईत."

"त्यांचं लक्ष मोटारीकडे आहे हो!"

साडूंच्या कपाळावर घाम होता. मोटार आली, बँड वाजला, दीप लागला, अध्यक्षांचं भाषण झालं. विज्ञानाच्या युगात आपण कसे पुढे आहोत हे त्यांनी अर्धा तास सांगितलं. त्या अर्ध्या तासात मी तीनदा साडूंच्या तोंडाकडे बघितलं आणि तीनदा पैलवानाच्या चाकांकडे. चाकं लहान होती. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "आता यंत्रमानव साहेबांचं स्वागत करील!" शालननं चावी सोडली.

पैलवान फळ्यांवरून खडखडत निघाला. टाळ्या पडल्या. साहेबांनी चेहरा प्रसन्न केला आणि मान पुढे काढली. पैलवान गालिच्याच्या काठाशी आला, पुढचं चाक लवीत रुतलं आणि तो थांबला. चाकं जागच्या जागी फिरत राहिली. पोटातलं लाटणं मात्र थांबलं नव्हतं. बरोबर वेळेला, पाहुण्यांपासून चार हात अलीकडे, पैलवानानं मोठ्या अदबीनं दोन्ही हात वर केले, हवेला हार घातला आणि हात खाली आणले. हार गालिच्यावर पडला. साहेबांची मान अजून पुढेच होती.

मागून कुणीतरी ओरडलं, "पैलवान चीत झाला रं!" हशा उसळला आणि अध्यक्षांचा चेहरा बघून तसाच विरला. बायकांच्या बाजूला मेहुणी बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला होता.

अध्यक्ष दातांतून म्हणाले, "मास्तर, हात लावा."

साडूंचा उजवा हात पुढे आला. मी तो बघितला. पैलवान नुसता उचलून चार हात पुढे ठेवायचा होता, एका क्षणाचं काम. बोटं वळवळली. मग ते वळले आणि म्हणाले, "हणमंता, बांध रं."

हणमंतानं रुमाल काढला आणि भर व्यासपीठावर, हजार माणसांसमोर मास्तरांचे हात मागे बांधले. साहेबांनी मान मागे घेतली, साडूंना नीट निरखलं आणि म्हणाले, "अजून बांधतात वाटतं तुम्हाला?"

"जी साहेब," साडू म्हणाले. मग मुलांकडे वळून त्यांनी रोजच्या आवाजात विचारलं, "काय झालं असंल?"

हणमंतानं पिंपाला कान लावला. "बॅटरी उतरली सर."

"बॅटरी उतरली तर चाक कसं फिरत हुतं, येड्या?" शालन म्हणाली. ती परकरासकट व्यासपीठावर पालथी पडली आणि खालून बघायला लागली. अध्यक्ष घड्याळ बघत होते. तिनं पैलवानाची पुढची बाजू दोन बोटं उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग उठून परकर झटकला आणि सरळ साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, उठा."

"ए पोरी!" अध्यक्ष ओरडले.

"गालिचा काढायचा हाय. खुर्च्या बी उचलाय लागतील."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग ते उठले आणि आपली खुर्ची उचलली. साहेब उठले म्हटल्यावर बाकीच्यांना बसून राहता येईना. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, माजी सभापती, एकामागून एक सगळे आपापली खुर्ची पोटाशी धरून कडेला उभे राहिले. गालिच्याचं एक टोक हणमंतानं धरलं. दुसरं धरायला कुणीच मोकळं नव्हतं, म्हणून ते अध्यक्षांनी धरलं. खाली चार फुल्या जशाच्या तशा होत्या. शालननं साहेबांच्या हातातली खुर्ची घेऊन बरोबर फुल्यांवर ठेवली, हार झटकून पैलवानाच्या हातांवर लावला, त्याला मागे नेलं आणि चावी भरायला लागली.

या वेळात साहेब पैलवानाच्या मागे वाकून त्याच्या पाठीतल्या झडपेतून आत बघत होते.

"हे लाटणं आहे का?"

"व्हय साहेब," हणमंता म्हणाला. "आमच्या बाईंचं."

"आणि हे खिळे?"

"ह्यो चालायचा, ह्यो थांबायचा, ह्यो हाराचा."

साहेब आणखी वाकले. शालनचं लक्ष चाकांवर होतं. तिनं चावी सोडली.

"साहेब, बसा! साहेब, खुर्ची!" असा एकच गलका झाला, पण पैलवान निघाला होता, आणि साहेब झडपेला डोळा लावून त्याच्याबरोबर वाकूनच चालत होते. पैलवान खडखडत फुल्यांपाशी आला, थांबला, दोन्ही हात उचलले आणि रिकाम्या खुर्चीच्या पाठीला हार घातला. बोटभरही चूक नाही. हात खाली आले. लाटणं थांबलं.

साहेब सरळ झाले, खुर्ची बघितली, हार बघितला. "मी बसलो असतो तर माझ्याच गळ्यात पडला असता," ते म्हणाले.

"पर पडला न्हाई," अध्यक्ष म्हणाले.

दोन्ही विधानं खरी होती. साडूंनी दोघांकडेही बघितलं नाही. त्यांनी शालनला विचारलं, "काय ऱ्हायलं?"

ती ओठ चावत खुर्चीकडे बघत होती. "सर, ह्याला डोळं न्हाईत. पुढच्या बारीला खुर्चीतच पट्टी बसवू. माणूस बसला की दाबंल. दाबली तरच ह्यो हात उचलंल."

हे साडूंनी तिला कधी शिकवलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. त्यांना डोळे पुसायचे होते, पण हात बांधलेले होते. त्यांनी खांद्यावर तोंड घासलं.

साहेबांनी शेरेबुक मागवलं आणि उभ्यानंच लिहिलं, "कार्यानुभव उत्तम. शिक्षकास बांधून ठेवण्याचे कारण समजले." हा शेरा बुकात असताना मास्तरांना जूनला घरी बसवणं अध्यक्षांना जड होतं. मे महिन्यातच आदेश आला. त्यात दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीनं साडूंना कायम केलं होतं आणि दुसऱ्या ओळीनं संस्थेच्या जतकडच्या शाळेत पाठवलं होतं, जिथे वीज नव्हती आणि पाणी टँकरनं यायचं. साडूंनी दोन्ही ओळी वाचल्या आणि विचारलं, "तिथल्या टँकरला पंप कंचा हाय?"

निघताना मेहुणीनं लाटणं मागून घेतलं. साडूंनी खिळे स्वतः उपटले. ते काम मुलांचं नव्हतं. जतला त्यांच्याकडे जेवायला बसलं की चपातीवर लाटण्यातल्या भोकांचे बारीक फुगवटे ओळीनं उठलेले दिसतात. चालायचा कुठला, थांबायचा कुठला, हाराचा कुठला, हे साडू घास मोडण्याआधी बोटानं दाखवतात. मेहुणी म्हणते, "गिळा आता." शालनचं पुढच्याच वर्षी लग्न झालं. आष्ट्याला तिच्या नवऱ्याची पिठाची गिरणी आहे. गिरणी बंद पडली की दुरुस्त ती करते, आणि नवरा हात मागे घेऊन उभा असतो असं ऐकतो.

मागच्या महिन्यात कामानिमित्त त्या गावावरून गेलो, तेव्हा शाळेत डोकावलो. खोलीत बँडचं सामान आहे. पैलवान बाहेर ओट्यावर आहे, डोक्याची कळशी कुणीतरी नेली आहे. लाटणं काढून घेतलं त्या दिवशी त्याचा उजवा हात वर राहिला असावा, तो अजून तसाच आहे. त्या हाताला शाळेची घंटा टांगली आहे. ती शिपाई हातोडीनं वाजवतो.